शिसे विषबाधा, जुन्या घरांतील

जुन्या इमारतींचे रंगलेप, पाण्याचे नळ व त्यांचे सांधे, घरातील धूळ आणि भोवतालची माती यांमधून शिसे ही जड धातू रहिवाशांच्या, विशेषेकरून लहान मुलांच्या, शरीरात थोडीथोडी शिरत राहिल्याने होणारी दीर्घकालिक विषबाधा. शिशाच्या खाणीत, भट्टीवर किंवा रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना होणारा विकार प्राचीन काळापासून माहीत होता. राहते घर हेच विषाचे उगमस्थान असू शकते, ही गोष्ट मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रथम लक्षात आली आणि तिच्यावर कायद्याने व्यापक उपाययोजना होण्यास आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली.

शिसे मऊ असते, ३२७° से. इतक्या कमी तापमानास वितळते, सहज वाकते व हवापाण्याने फारसे झिजत नाही. या गुणांमुळे गृहबांधणीत त्याचा उपयोग फार पूर्वीपासून होत आला. रोमन लोक पाणीपुरवठ्यासाठी शिशाचे नळ वापरीत. नळकाम करणाऱ्यास इंग्रजीत मिळालेले ‘प्लंबर’ हे नाव शिशाच्या ‘प्लंबम’ या लॅटिन नावावरूनच पडले आहे. इ. स. पू. पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हियस याने शिशाच्या नळांतील पाणी अपायकारक असते, असे सांगून मातीच्या नळांची शिफारस केली होती. शिसे वितळविणाऱ्या कारागिरांच्या फिकट कांतीचा दाखला त्याने त्यासाठी दिला. शिशाच्या नळांमुळेच रोमन साम्राज्य लयास गेले, हे मत मात्र अतिरंजित मानावे लागते. रोममध्ये येणारे पाणी बरेचसे कठीण म्हणजे चुनायुक्त असे व ते नळांतून अखंड वाहत राही. त्यामुळे नळांच्या आतल्या अंगास चुन्याचे पुट बसे आणि पाण्याचा शिशाशी संपर्क थोडाच काळ येई.

अठराव्या शतकात इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात सफरचंदांची आंबवलेली पेये पिणाऱ्यांमध्ये तीव्र पोटशूळाची साथ वारंवार येई. जॉर्ज बेकर (१७२२–१८०९) या वैद्याने १७६७ मध्ये तिचे कारण रस काढण्याच्या यंत्रात व पिंपांत वापरलेले शिसे हे होय, असे दाखवून दिले. बेंजामिन फ्रँक्लिन (१७०६–९०) यांनी १७८६ साली एका मित्रास लिहिलेल्या पत्रात शिसे हाताळणाऱ्या निरनिराळ्या कामगारांचे विकार नोंदविले असून शिशाच्या छपरावरून गोळा केलेल्या पावसाच्या पाण्यामुळे आजारी पडलेल्या कुटुंबांचाही उल्लेख केला आहे. असे घातक परिणाम फार पूर्वीपासून ठाऊक असूनही त्यांचा व्यवहारात उपयोग होण्यास किती काळ लागतो, याबद्दलची खंत फ्रँक्लिन यांनी त्याच पत्रात व्यक्त केली आहे. पुढील इतिहासाने तिला पुष्कळच पुष्टी दिली.

सफेता : घरांमधील शिशाचा सर्वांत मोठा साठा नळांत नसून रंगात आहे. सफेता म्हणजे शिशाचे क्षारकीय कार्बोनेट. ते तयार करण्याच्या जुन्या डच पद्धतीत शिशाच्या पट्ट्यांची वेटोळी व्हिनेगर घातलेल्या मातीच्या भांड्यांत ठेवून ती भांडी घोड्याच्या लिदीत काही आठवडे पुरून ठेवीत. अम्लाची वाफ आणि लिदीच्या कुजण्यातून निघणारी उष्णता व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्या योगाने धातूवर पांढरा थर चढे. तो खरवडून, दळून जवसाच्या तेलात खलीत. सफेत्याची तेलाशी विक्रिया होऊन साबणासारखी संयुगे बनतात. त्यामुळे हा रंगलेप लाकडास घट्ट चिकटतो, लवचिक राहतो, पाऊस सोसतो व थोड्या थरातही पृष्ठभाग पूर्णपणे झाकतो. रंगाऱ्यांची त्याला पसंती होती ती या खऱ्या गुणांमुळे, हे लक्षात ठेवले पाहिजे. शेंदूर (तांबडे शिसे) लोखंड गंजू नये म्हणून पहिल्या हातासाठी, लेड क्रोमेट पिवळ्या व नारिंगी छटांसाठी आणि मुर्दाडशिंग रंग लवकर वाळावा म्हणून वापरीत. त्यामुळे पांढऱ्या नसलेल्या तेलरंगातही शिसे असे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कित्येक रंगलेपांत वाळलेल्या थराच्या वजनापैकी निम्म्याच्या आसपास भाग शिशाचा असे. याउलट चुन्याच्या सफेदीत शिशाचा अंश नसतो.

पर्यायी रंगद्रव्य नव्हते असे नाही. जस्ताच्या ऑक्साइडाचा पांढरा रंग पॅरिसमध्ये १८४०–५० च्या दशकातच व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागला होता आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास टिटॅनियम डाय-ऑक्साइडाचे उत्पादन सुरू झाले. फ्रान्सने १९०९ मध्ये इमारतींच्या रंगकामात सफेत्याच्या वापरास बंदी करणारा कायदा केला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२१ मध्ये इमारतींच्या आतील रंगकामात सफेता वापरण्यास मनाई करणारा करार संमत केला. या दोन्ही उपायांमागे मुख्य विचार होता तो रंगाऱ्यांच्या प्रकृतीचा. रंगविलेल्या घरात वाढणाऱ्या मुलांचा नव्हे.

ब्रिस्बेनचा शोध : मुलांचा विचार प्रथम झाला तो ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथे. ब्रिस्बेनमधील बालरुग्णालयात १८९० च्या सुमारास काही मुले विचित्र लक्षणांसह येऊ लागली. पोटात कळा, मलावरोध, फिकेपणा, हातापायांचे पंजे लुळे पडणे, तिरळेपणा आणि काहींत अंधत्व. बालवैद्य आल्फ्रेड जेफेरिस टर्नर (१८६१–१९४७), नेत्रवैद्य जॉन लॉकहार्ट गिब्सन व त्यांचे सहकारी यांनी १८९२ मध्ये हा विकार शिसे विषबाधेचा असल्याचे जाहीर केले. प्रौढ कामगारांच्या या रोगाने कोणत्याही कारखान्यात न जाणारी मुले ग्रस्त व्हावीत, हे कोडेच होते. पावसाचे पाणी साठविण्याच्या टाक्यांवर प्रथम संशय गेला. परंतु तेच पाणी पिणारी घरातील मोठी माणसे निरोगी असत. पाणी, अन्न, भांडी, खेळणी असे एकेक कारण तपासून बाजूला पडत गेले आणि दोष त्या वास्तूतच कोठेतरी आहे, एवढाच निष्कर्ष उरला.

क्वीन्सलँडमधील घरे लाकडी असून जमिनीपासून उंच खांबांवर उभारलेली असत. त्यांच्या सभोवार प्रशस्त पडवी व तिला लाकडी कठडा असे. उष्ण हवेमुळे मुले दिवसाचा बराच वेळ या पडवीतच खेळत. कठड्यांना सफेत्याचा रंग दिलेला असे आणि तेथील प्रखर उन्हात त्यातील तेल नाश पावून रंगाची खडूसारखी पूड होई. कठड्यावरून हात फिरविला की ती हाताला लागे. मुले कठड्याला धरून उभी राहत, त्याच हाताची बोटे चोखत, नखे कुरतडत. गिब्सन यांनी १९०४ मध्ये लिहिलेल्या लेखात रंगविलेले कठडे व खोल्यांच्या रंगविलेल्या भिंती हेच या विषबाधेचे मूळ होय, असे प्रतिपादन केले. अंगठा चोखण्याची किंवा नखे खाण्याची सवय असलेल्या मुलांत हा विकार अधिक आढळतो, या निरीक्षणाने त्यास बळकटी आली. स्थानिक वैद्यकीय वर्तुळातही सर्वांनी हे मत लगेच मान्य केले नाही. इतर शहरांतील मुलांना हा रोग का होत नाही, असा आक्षेप घेतला जाई. त्याचे उत्तर असे की, तो तेथेही होत होता. पण तो ओळखणारे वैद्य तेथे नव्हते.

क्वीन्सलँडच्या विधिमंडळाने १९२२ मध्ये मुलांच्या हाताशी येणारे पडव्यांचे कठडे, फाटके, कुंपणे अशा बाहेरच्या भागांवर शिसेयुक्त रंग देण्यास बंदी केली. मुलांच्या रक्षणासाठी केलेला अशा स्वरूपाचा हा आद्य कायदा होय. तथापि आधी विषबाधा झालेल्या मुलांची कथा तेथे संपली नाही. क्वीन्सलँडमध्ये तरुण वयातच वृक्कांच्या (मूत्रपिंडांच्या) जुनाट विकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण असाधारण असल्याचे पुढे दिसून आले. १९१५ ते १९३५ या काळात ब्रिस्बेनच्या रुग्णालयात शिसे विषबाधेसाठी दाखल झालेल्या ४०१ मुलांचा मागोवा डी. ए. हेंडरसन यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्यातील पुष्कळजण दरम्यान मरण पावले होते व त्या मृत्यूंमध्ये वृक्कविकार आणि उच्च रक्तदाब यांचा वाटा फार मोठा होता.

अमेरिकेतील विलंब : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) बॉल्टिमोर येथील हेन्री टॉमस व केनेथ ब्लॅकफॅन यांनी १९१४ मध्ये आपल्या खाटेच्या कठड्यावरील पांढरा रंग दातांनी कुरतडून खाल्ल्याने मरण पावलेल्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यानंतर अशा नोंदी वाढत गेल्या. पण शिशाचा उद्योग तेथे प्रबळ होता. एका मोठ्या कंपनीचे बोधचिन्ह तर रंगाचा कुंचला घेतलेला डच मुलगा हेच होते आणि १९२० नंतरच्या दशकात मुलांसाठी सचित्र पुस्तिका काढून त्यांतून सफेत्याची जाहिरात होत असे. विषबाधा झालीच तर ती अखाद्य वस्तू खाण्याच्या मुलांच्या खोडीमुळे, गलिच्छ वस्त्यांमुळे व आईबापांच्या दुर्लक्षामुळे होते, अशी भूमिका उद्योगाने दीर्घकाळ घेतली. या भूमिकेमुळे प्रश्न रंगाचा न राहता गरिबांच्या वर्तनाचा ठरला आणि बंदी लांबणीवर पडण्यास तिचा मोठा हातभार लागला.

तीव्र अवस्थेतून मूल वाचले म्हणजे ते बरे झाले, ही वैद्यांची समजूतही तोवर कायम होती. रँडॉल्फ बायर्स व एलिझाबेथ लॉर्ड यांनी १९४३ मध्ये तिला धक्का दिला. बरी झाली म्हणून रुग्णालयातून घरी पाठविलेल्या २० मुलांची त्यांनी पुढे अनेक वर्षे पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १९ मुले शाळेत मागे पडलेली किंवा वर्तनाच्या अडचणी असलेली आढळली. बॉल्टिमोर शहराने १९५१ मध्ये घरांच्या आतील रंगकामात शिशाच्या रंगद्रव्यास बंदी केली. १९५५ मध्ये रंगातील शिशाचे प्रमाण १ टक्क्यापर्यंत मर्यादित करणारे ऐच्छिक मानक तयार झाले. संघराज्याचा पहिला कायदा १९७१ मध्ये झाला आणि घरगुती रंगात ०·०६ टक्क्याहून अधिक शिसे असण्यास १९७८ मध्ये बंदी आली. २००९ पासून ही मर्यादा ०·००९ टक्के, म्हणजे दशलक्ष भागांत ९० भाग, इतकी आहे. बंदी नव्या रंगाला लागू होते. भिंतीवर आधीच बसलेला रंग तेथेच राहतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पाहणीनुसार अ. सं. सं. मधील सु. ३·८ कोटी घरांत शिसेयुक्त रंग शिल्लक होता. कॅलिफोर्नियातील काही परगण्यांनी व शहरांनी जुन्या रंग उत्पादकांवर भरलेला दावा तब्बल १९ वर्षांनी, २०१९ मध्ये, ३०·५ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला.

विष शरीरात कसे जाते : रंगाचे पोपडे उचलून खाणारे मूल हे या विषबाधेचे परिचित चित्र असले, तरी तो अपवादात्मक प्रकार होय. शिसे शरीरात जाण्याचा नित्याचा मार्ग म्हणजे धूळ. वरखाली सरकणाऱ्या खिडक्यांच्या चौकटी, घासून बसणारे दरवाजे, जिन्याच्या पायऱ्या व कठडे यांवरील रंगाचे जुने थर रोजच्या वापराने झिजतात. त्यांची सूक्ष्म पूड खिडकीच्या तळपट्टीत व जमिनीवर साचते. रांगणाऱ्या मुलाच्या हातांना व खेळण्यांना ती चिकटते आणि तेथून तोंडात जाते. घर दिसण्यात स्वच्छ व रंग वरवर अखंड असला, तरी असे घडू शकते. बाहेरच्या भिंतीवरून गळलेला रंग पायालगतच्या मातीत मिसळतो. रहदारीच्या रस्त्याजवळ त्यात शिसेयुक्त पेट्रोलच्या धुराची भर पडत गेली. हे पेट्रोल १९२३ मध्ये वापरात आले. भारतात ते २००० मध्ये बंद झाले आणि जगात मोटारगाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया याने २०२१ मध्ये त्याची विक्री थांबविली. मातीत शिरलेले शिसे मात्र वरच्या थरातच दशकानुदशके टिकून राहते.

प्रौढ व्यक्तीच्या आतड्यात गिळलेल्या शिशापैकी सु. १० टक्के भाग शोषला जातो, तर लहान मुलांत हे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जाते. आहारात लोह व कॅल्शियम कमी असल्यास शोषण आणखी वाढते. त्यामुळे कुपोषित मुलाला त्याच घरात अधिक अपाय होतो. शरीर शिशाला कॅल्शियमसारखे वागविते. रक्तातील शिसे महिनाभरात निम्मे होते. पण हाडांत साठलेले कित्येक वर्षे राहते आणि गर्भारपणात हाडांतील कॅल्शियमबरोबर ते पुन्हा रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचू शकते. शिशामुळे हीमोग्लोबिन तयार करणाऱ्या एंझाइमांचे कार्य अडून रक्तक्षय होतो. वाढत्या मेंदूवर होणारा परिणाम सर्वांत गंभीर असून तीव्र विषबाधेत झटके, बेशुद्धी व मृत्यू ओढवतो.

तीव्र लक्षणे नसलेल्या मुलांचे काय, या प्रश्नाचे उत्तर हर्बर्ट नीडलमन (१९२७–२०१७) यांनी १९७९ मध्ये दिले. मॅसॅचूसेट्समधील चेल्सी व सॉमरव्हिल येथील शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात त्यांनी गोळा केले. वरकरणी पूर्णपणे निरोगी असलेल्या या मुलांपैकी ज्यांच्या दातांत शिसे अधिक होते, ती बुद्धिमापन चाचण्यांत व वर्गातील एकाग्रतेत इतरांपेक्षा मागे होती. या व अशा इतर संशोधनांमुळे चिंताजनक मानली जाणारी रक्तातील शिशाची पातळी उत्तरोत्तर खाली आणली गेली. दर डेसिलिटर रक्तामागे ती १९६० च्या दशकात ६० मायक्रोग्रॅम होती. १९७१ मध्ये ४०, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३·५ अशी ती उतरत गेली. निर्धोक म्हणता येईल अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. शिशाला बांधून मूत्रावाटे बाहेर काढणारी औषधे तीव्र विषबाधेत प्राण वाचवितात. परंतु मध्यम पातळीची विषबाधा झालेल्या ७८० मुलांवर केलेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधाने रक्तातील शिसे उतरूनही बौद्धिक क्षमतेत सुधारणा झाली नाही. झालेली हानी औषधाने भरून येत नसल्याने मुलाची तपासणी करण्याआधी घराची तपासणी करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

पाणी : पाण्यातील धोका नळाच्या धातूइतकाच पाण्याच्या गुणधर्मावर अवलंबून असतो. कठीण पाणी नळाच्या आत अविद्राव्य पुट तयार करते, तर मृदू व किंचित अम्लधर्मी पाणी शिसे विरघळविते. इंग्लंडमधील शेफील्ड येथे १८८० नंतरच्या दशकात पठारी दलदलीतून येणाऱ्या पाण्यामुळे विषबाधेची मोठी लाट आली. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरास १८५९ पासून कॅट्रिन सरोवराचे अत्यंत मृदू पाणी मिळू लागले. निर्मळ म्हणून नावाजलेले हे पाणी जुन्या चाळवजा इमारतींच्या शिशाच्या नळांत व आतून शिशाचा पत्रा मारलेल्या टाक्यांत मुरत राही. त्याचे परिणाम १९७० च्या दशकात मोजले गेले, तेव्हा प्रथम चुना व नंतर फॉस्फेट मिसळून पाण्याचा विद्रावक गुण कमी करण्यात आला.

हे रासायनिक संतुलन किती नाजूक असते, ते मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात दिसून आले. खर्च वाचविण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये तेथील पाणीपुरवठा डिट्रॉइटच्या जलव्यवस्थेकडून फ्लिंट नदीकडे वळविण्यात आला. नदीच्या पाण्यात क्लोराइड अधिक होते आणि नळांची झीज रोखणारे फॉस्फेट त्यात मिसळले गेले नाही. परिणामी जुन्या नळांतील संरक्षक पुट सुटून शिसे घरोघरी पोहोचले. रहिवासी गढूळ व दुर्गंधीयुक्त पाण्याची तक्रार करीत असता अधिकारी पाणी सुरक्षित असल्याचे सांगत राहिले. मार्क एडवर्ड्‌झ यांनी केलेले पाण्याचे पृथक्करण व बालवैद्य मोना हॅना-अटिशा यांनी केलेली मुलांच्या रक्तातील शिशाची तुलना २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर, ऑक्टोबरमध्ये जुना पुरवठा पुन्हा सुरू झाला. शिकागो शहरात तर घरजोडणीसाठी शिशाचाच नळ घालावा, असा नियम १९८६ मध्ये संघराज्याने बंदी करेपर्यंत अमलात होता. तांब्याच्या नळांच्या सांध्यांना दिलेला शिसेयुक्त डाख व पितळी तोट्या हेही दुय्यम उगम होत. रात्रभर नळात राहिलेल्या पाण्यात शिसे सर्वाधिक असते. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण किंचित वाढते.

रंग काढण्यातील धोका : विषारी रंग काढून टाकणे हा उपाय वाटतो तितका सरळ नाही. कोरडा घासकागद मारल्याने किंवा ज्योतीने रंग जाळून खरवडल्याने शिशाची धूळ व वाफ घरभर पसरते. बॉल्टिमोरमध्ये १९८० च्या दशकात मुलांच्या रक्षणासाठी अशा रीतीने साफ केलेल्या घरांत धुळीतील शिसे आधीपेक्षा वाढल्याचे आढळले आणि त्या घरांत परतलेल्या काही मुलांची विषबाधा बळावली. पुढे अ. सं. सं. मध्ये ओल्या पद्धतीने खरवडणे, खोली प्लॅस्टिकने बंद करणे, खिडक्या समूळ बदलणे आणि काम झाल्यावर धुळीची चाचणी घेणे यांवर भर देण्यात आला. शाबूत रंगाचा थर न उचकटता झाकून टाकणे पुष्कळदा अधिक सुरक्षित असते.

भारतातील स्थिती : महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या भिंतींना बहुधा चुन्याची सफेदी असे, त्यामुळे भिंतींपेक्षा दारे, खिडक्या, लोखंडी गज व जिन्यांचे कठडे यांवरील तेलरंगाचे थर संशयास्पद ठरतात. बिडाच्या जलवाहिन्यांचे सांधे ताग व वितळलेले शिसे ओतून बंद करण्याची पद्धत येथे रूढ होती. पण त्यात पाण्याशी येणारा शिशाचा संपर्क अल्प असतो. शिसे मिसळलेल्या कथिलाची कल्हई आणि देवघरातील मूर्तींना लावलेला शेंदूर हे मात्र रंगाशी संबंध नसलेले खास घरगुती उगम होत. १९९८–९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई व दिल्ली येथील तीन वर्षांखालील मुलांचे रक्त तपासले असता सु. निम्म्या मुलांत शिशाची पातळी दर डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळली. पेट्रोलमध्ये शिसे असण्याचा तो काळ होता. घरगुती व शोभेच्या रंगांत दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम केंद्र शासनाने २०१६ मध्ये केला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. औद्योगिक रंगांना तो लागू नाही. त्या तारखेपूर्वी रंगविलेल्या घरांची, शाळांची वा अंगणवाड्यांची तपासणी करण्याची तरतूद या नियमांत केलेली नाही.